मुदत संपलेली वैद्यकीय इम्प्लांट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, साठा सांभाळणारे कर्मचारी, निवासी डॉक्टर आणि कधीकधी रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे दोन ओळींची आहेत आणि काही लांबली आहेत, कारण सगळ्याच प्रश्नांचे वजन सारखे नाही.

लेबलवर छापलेली मुदतीची तारीख नेमके काय सांगते?

या तारखेपर्यंत पाकीट निर्जंतुक राहते आणि आतली वस्तू ठरलेल्या गुणधर्मांसह वापरण्याजोगी राहते, याचा पुरावा उत्पादकाकडे आहे, एवढेच ती तारीख सांगते. त्या दिवशी मध्यरात्री वस्तू नासते असा तिचा अर्थ नाही, आणि दुसऱ्या दिवशीही ती चांगलीच असेल असाही नाही. तारखेनंतर पुरावा संपतो. हा फरक लक्षात ठेवला की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप सापडतात, कारण रुग्णालयात बसून पाकीट उजेडात धरल्याने किंवा इम्प्लांट हातात फिरवून पाहिल्याने तो पुरावा कोणालाच नव्याने निर्माण करता येत नाही.

ही तारीख इम्प्लांट शरीरात बसवण्याची शेवटची तारीख असते, शरीरातील आयुष्याची नव्हे. मुदत संपायला महिना उरला असताना बसवलेला खुब्याचा सांधा महिन्याभरात निकामी होत नाही. नातेवाइकांच्या हाती स्टिकर लागले की हा गैरसमज हमखास होतो, आणि तो दूर करायला शस्त्रक्रियेपूर्वीची पाच मिनिटे पुरतात.

लेबलवर दोन तारखा असतात. कोणती बघायची?

वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाशेजारची. आयएसओ १५२२३-१ या मानकातील हे चिन्ह वापराची शेवटची तारीख दाखवते. धुराडे असलेल्या कारखान्याचे चिन्ह उत्पादनाची तारीख दाखवते. घाईत या दोन तारखांची अदलाबदल होते आणि नेमकी चुकीच्या दिशेने होते: उत्पादनाची जुनी तारीख पाहून चांगला माल बाजूला काढला गेला तर फार बिघडत नाही, पण कोणी तिच्यात मनातल्या मनात पाच वर्षे मिळवून माल चालू ठरवला तर बिघडते. मुदत छापलेली असताना ती मोजून काढायची नसते.

तारखेत फक्त वर्ष आणि महिना असेल तर? आणि मुदत आजच संपत असेल तर?

फक्त महिना दिला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत धरतात. पूर्ण तारीख असेल तर तो दिवस संपेपर्यंत. शस्त्रक्रिया रात्री साडेअकराला सुरू झाली आणि इम्प्लांट बारा वाजून दहा मिनिटांनी बसले तर काय, हा प्रश्न अर्धवट थट्टेत विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की इतक्या काठावरचे पाकीट त्या दिवशीच्या टेबलाशेजारी ठेवणे हीच साठा लावणाऱ्याची चूक आहे.

ज्या संचात अनेक घटक एकत्र बांधलेले असतात, त्यात सर्वांत आधी मुदत संपणाऱ्या घटकाची तारीख पूर्ण संचाला लागू होते. बाहेरच्या खोक्यावरची आणि आतल्या पाकिटावरची तारीख जुळत नसेल, तर अलीकडची धरावी की पलीकडची यावर वाद घालत बसू नये. ती वस्तू बाजूला ठेवून उत्पादकाकडून लेखी खुलासा मागवावा.

टायटॅनियम गंजत नाही, झिजत नाही. मग त्याच्या स्क्रूला मुदत कशासाठी?

ती मुदत बहुतेक वेळा धातूची नसून पाकिटाची असते. तोच स्क्रू निर्जंतुक न केलेल्या रूपात येतो तेव्हा त्याच्यावर अनेकदा मुदतीची तारीखच नसते; तो ट्रेमध्ये बसतो, रुग्णालयात धुतला जातो आणि उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे वाफेवर निर्जंतुक केला जातो. मात्र तोच स्क्रू कारखान्यातून निर्जंतुक होऊन बंद पाकिटात आला की त्याचे निर्जंतुकपण पूर्णपणे त्या पाकिटावर अवलंबून राहते. प्लॅस्टिकची ताटली, तिच्यावर टायवेकसारख्या पदार्थाचे झाकण आणि दोहोंना जोडणारी चिकटपट्टीइतकी अरुंद सील, एवढाच जंतू आणि स्क्रू यांच्यामधला अडसर असतो. वर्षानुवर्षांत ही सील कमकुवत होते, प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि कपाटात एकावर एक रचलेल्या पाकिटांच्या कोपऱ्यांना डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. पाकीटबंद झाल्यानंतर निर्जंतुक केलेल्या वस्तूंसाठी मान्य मर्यादा अशी आहे की एखादा जिवंत जंतू उरण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून अधिक नसावी. इतकी काटेकोर मर्यादा नुसत्या नजरेने तपासता येत नाही.

ही मुदत ठरवतात कशी? पाच वर्षांची मुदत द्यायला पाच वर्षे थांबतात का?

थांबतात, पण बाजारात येण्यासाठी नाही. प्रथम वेगवान जीर्णन चाचणी करतात, जिची पद्धत एएसटीएम एफ १९८० या मानकात दिली आहे. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की जीर्ण होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असे सावध गृहीतक तिच्यामागे असते. २५ अंशांवर ठेवायची वस्तू ५५ अंशांवर ठेवली तर तीस अंशांची वाढ म्हणजे आठपट वेग झाला, म्हणून सुमारे ४६ दिवसांत एका वर्षाचे आणि सुमारे २२८ दिवसांत पाच वर्षांचे जीर्णन धरले जाते. त्यानंतर सीलची ताकद, गळती आणि वस्तूचे गुणधर्म तपासतात. यासोबत काही नमुने नेहमीच्या तापमानात खरोखरच तितकी वर्षे ठेवून तपासले जातात, आणि वेगवान चाचणीचा अंदाज या संथ चाचणीने पक्का व्हावा लागतो.

या हिशेबाची दुसरी बाजू साठा सांभाळणाऱ्यांच्या कामाची आहे. उष्णतेने जीर्णन वेगवान होते, हे चाचणीच्या पेटीइतकेच तुमच्या कपाटालाही लागू आहे. लेबलवरच्या तापमानाच्या मर्यादा पाळल्या असतील तरच तारीख खरी. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, भिंतीला लागून असलेल्या फळीवर दोन उन्हाळे काढलेल्या पाकिटाची छापील मुदत शिल्लक असली, तरी तिच्यावर विसंबण्याचा आधार उरलेला नसतो.

पाकिटाव्यतिरिक्त, आतल्या वस्तूत खरोखर काय बिघडते?

हे वस्तूवर अवलंबून आहे, आणि येथे सरसकट बोलणे धोक्याचे आहे.

सर्वांत बोलके उदाहरण सांध्यात बसवायच्या पॉलिएथिलीनचे. अतिउच्च रेणुभाराचे हे प्लॅस्टिक अनेक वर्षे हवा असलेल्या पाकिटात ठेवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाई. किरणांमुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटून मुक्त मूलके तयार होत, आणि पाकिटातला प्राणवायू त्यांच्याशी हळूहळू संयोग पावत राही. म्हणजे वस्तू फळीवर स्वस्थ पडलेली असतानाच तिचे ऑक्सिडेशन चालू असे. हे नुकसान पृष्ठभागावर नव्हे, तर त्याच्या खाली एक-दोन मिलिमीटरवर सर्वाधिक असे. तुकडा कापून पाहिला तर तेथे पांढरट पट्टा दिसे. गुडघ्यातील अशा तबकड्या शरीरात गेल्यावर ताण नेमका त्याच खोलीवर पडत असल्यामुळे त्यांचे पापुद्रे सुटून निघाले. जितकी वर्षे वस्तू फळीवर पडून होती तितके नुकसान अधिक, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले, आणि उत्पादकांनी नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेली अथवा निर्वात पाकिटे, इथिलीन ऑक्साइड आणि गॅस प्लाझ्मा हे मार्ग धरले. पुढे ई जीवनसत्त्व मिसळलेले पॉलिएथिलीनही आले. बाहेरून ती जुनी तबकडी गुळगुळीत, पांढरीशुभ्र आणि निर्दोष दिसत असे. ‘दिसायला तर चांगले आहे’ असे कोणी म्हणाले की मला प्रथम तीच आठवते.

सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या बोन सिमेंटचेही तसेच. पावडरमधील बेंझॉइल पेरॉक्साइड घट्ट होण्याची क्रिया सुरू करते. ते काळाच्या ओघात आणि उष्णतेत विघटित होते. कुपीतल्या मोनोमरमध्ये, म्हणजे पावडरीत मिसळायच्या द्रवात, हायड्रोक्विनोन असते, ज्याचे काम तो द्रव वेळेआधी घट्ट होऊ न देणे हे असते. तेही हळूहळू खर्च होते. परिणामी जुने सिमेंट अपेक्षेपेक्षा लवकर किंवा उशिरा घट्ट होऊ शकते. सांधा जागेवर दाबून धरलेला असताना शल्यविशारदाला हे नको असते.

पेसमेकर आणि शरीरात बसवायचे डिफिब्रिलेटर (हृदयाचे ठोके बिघडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र) फळीवर असतानाही थोडीथोडी वीज खर्च करत असतात. म्हणून त्यांच्या तारखेनंतर निर्जंतुकतेचा प्रश्न तर असतोच, शिवाय रुग्णाला मिळणारी बॅटरीची वर्षेही कमी होतात. रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या, औषध सोडणाऱ्या स्टेंटच्या जाळीवरील औषध आणि त्याला धरून ठेवणारा बहुलक (पॉलिमर) दोन्ही बदलतात, त्यामुळे त्यांची मुदत साध्या धातूच्या सांध्यापेक्षा बरीच कमी असते. शरीरात विरघळणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या खिळ्यांना ओलावा सोसत नाही. पाकिटातून दमट हवा शिरली की जे विरघळणे शरीरात व्हायचे ते पाकिटातच सुरू होते. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या हृदयाच्या झडपा ग्लुटारल्डिहाइडसारख्या द्रावणात ठेवलेल्या असतात, आणि तेथे बरणीचे झाकण, द्रावणाची पातळी व तापमानदर्शक हे सारे तारखेइतकेच महत्त्वाचे असते. डोळ्याच्या काही लेन्स द्रावणात ठेवलेल्या असतात. ते द्रावण उडून गेले तर लेन्स गेली.

बारकोडवरून मुदत कळते का?

कळते, आणि छापील तारखेची पडताळणी करण्याचा तो उत्तम मार्ग आहे. उपकरणांच्या एकमेव ओळखक्रमाच्या जीएस१ पद्धतीत ०१ या अंकांपुढे वस्तूचा क्रमांक, १७ पुढे मुदत, १० पुढे लॉट (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) आणि २१ पुढे अनुक्रमांक येतो. १७ नंतर २७०४३० असे असेल तर मुदत ३० एप्रिल २०२७ पर्यंत आहे. दिवसाच्या जागी दोन शून्ये असतील तर महिन्याचा शेवटचा दिवस समजावा.

छापील तारीख आणि स्कॅन केलेली तारीख वेगळी निघाली, किंवा मूळ लेबलवर दुसरे स्टिकर चिकटवलेले दिसले, तर ते नुसते छपाईचे दोष समजून सोडून देऊ नये. मुदत संपलेला माल नवे लेबल लावून परत बाजारात आणणारे लोक असतात. असे पाकीट फाडू नये, टाकून देऊ नये, परतही पाठवू नये; जसेच्या तसे कुलपात ठेवून रुग्णालय प्रशासन, उत्पादक आणि नियामक यंत्रणेला कळवावे.

फळीवर मुदत संपलेले इम्प्लांट सापडले. आधी काय करायचे?

आधी ते वापरात येऊ शकणाऱ्या जागेवरून उचलायचे. नोंद, चौकशी आणि परतीचे पत्र हे सारे नंतर. त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली वस्तू रात्रपाळीत वर येते, हे ज्याने साठा सांभाळला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्यासाठी कुलूप असलेली, शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरची, ठळक खूण केलेली जागा हवी. पाकिटावर आडवी लाल पट्टी चिकटवावी, पण लॉट क्रमांक व अनुक्रमांक झाकला जाणार नाही अशी, कारण पुढे सगळा पत्रव्यवहार त्याच आकड्यांवर चालतो.

त्यानंतर वस्तूचे नाव, आकार, बाजू, लॉट, अनुक्रमांक, मुदत, सापडल्याची तारीख, जागा आणि सापडवणाऱ्याची सही एवढे नोंदवहीत लिहावे, व संगणकावरील साठ्यातूनही ती वस्तू वापरण्याजोग्या मालातून वगळावी. कागदावर हलवलेली आणि संगणकावर तशीच राहिलेली वस्तू दोन महिन्यांनी कोणीतरी ‘एक शिल्लक आहे’ म्हणून शस्त्रक्रियेच्या यादीत धरतो. मग टेबलावर रुग्ण आणि कपाटात रिकामी जागा. शेवटी त्याच लॉटची किंवा त्याच खेपेची आणखी पाकिटे कोठे आहेत ते शोधावे. एक सापडले म्हणजे सहसा दुसरेही असते.

माल कंपनीच्या मालकीचा असून रुग्णालयात केवळ ठेवलेला असेल, तरीही बाजूला काढण्याची जबाबदारी ज्याच्या छपराखाली तो आहे त्याचीच. मालकी कोणाची हा प्रश्न हिशेबाचा आहे.

पाकीट शाबूत आहे. पुन्हा निर्जंतुक करून वापरता येणार नाही का?

उत्पादकाने त्या वस्तूसाठी तशी पद्धत लेखी दिली नसेल, तर नाही. लेबलवर २ हा अंक आणि निर्जंतुकीकरणाची खूण यांच्यावर एकत्र काट मारलेली असेल तर तो स्पष्ट नकारच आहे.

‘वाफेवर सगळे जंतू मरतात’ हे खरे असले तरी प्रश्न जंतूंपुरता नाही. सांध्याचे पॉलिएथिलीन साधारण १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि वाफेचे निर्जंतुकीकरण १२१ ते १३४ अंशांवर चालते. तबकडी वितळली नाही तरी तिचा आकार बदलतो, आणि सांध्यात आकारातील बारीक फरकही महाग पडतो. पॉलिलॅक्टिक आम्लाचा खिळा साठ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतो. औषधाच्या स्टेंटवरचे औषध उष्णतेने बिघडते. जैविक झडप तर शिजेलच. पुन्हा गॅमा किरण दिले तर वर सांगितलेले ऑक्सिडेशन आणखी वाढते. इथिलीन ऑक्साइड वापरले तर त्याचा अवशेष प्लॅस्टिकमध्ये किती उरतो आणि तो निघून जायला किती वेळ लागतो, हे त्या वस्तूसाठी मोजावे लागते. ते मोजलेले नसते. आणि हे सारे जमले तरी रुग्णालयातल्या साध्या पाऊचमध्ये घातलेली ती वस्तू मूळ पाकिटाची राहिलेली नसते. अनेक देशांच्या नियमांत असे पुनर्प्रक्रियेचे काम करणाऱ्यावर उत्पादकाच्याच जबाबदाऱ्या येतात, हेही ईटीओचे, म्हणजे इथिलीन ऑक्साइडचे, यंत्र चालू करण्यापूर्वी आठवावे.

मुदत संपून चारच दिवस झाले आहेत. इतक्याने काय फरक पडतो?

चार दिवसांत पदार्थ बहुधा बदलत नाही, हे मान्य. हा युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा नाही, म्हणूनच तो अवघड आहे. पण चार दिवस चालत असतील तर चाळीस का नाहीत, याला उत्तर देणारा आकडा शस्त्रक्रियागृहात कोणाकडेच नसतो, उत्पादकाकडे असतो. आणि त्याने तो लेबलवर आधीच छापला आहे. पुढे जंतुसंसर्ग झाला, त्याचा मुदतीशी काही संबंध नसला तरी, तो संबंध नव्हता हे सिद्ध करणे कोणालाही शक्य होत नाही. रुग्णाच्या वाट्याला संसर्ग येतो आणि वर संशयही येतो.

जीव धोक्यात असेल आणि दुसरे इम्प्लांट उपलब्धच नसेल तर? रुग्णाची संमती घेऊन वापरता येईल का?

संमतीने पुरावा निर्माण होत नाही. मुदत संपलेली वस्तू संमतिपत्रामुळे सुरक्षित होत नाही, आणि टेबलाकडे नेला जात असलेला घाबरलेला माणूस जी सही करतो तिला मुक्त संमती म्हणणेही कठीण आहे.

या प्रश्नातला ‘उपलब्धच नसेल’ हा भाग मात्र नीट तपासून पाहावा. ठरवून केलेल्या सांधेरोपणात अशी आणीबाणी नसते. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, आणि रुग्ण नाराज झाला तरी त्याचे नुकसान होत नाही. तुटलेले हाड बाहेरून बसवायच्या फिक्सेटरने काही दिवस स्थिर ठेवता येते. पेसमेकरची गरज असलेल्या रुग्णाला नवे यंत्र येईपर्यंत तात्पुरत्या पेसिंगवर ठेवता येते. दुसरा आकार, दुसऱ्या उत्पादकाची वस्तू, जवळच्या रुग्णालयाकडून उसनवारी, कंपनीच्या साठ्यातून तातडीने मागवणे हे मार्ग दूरध्वनीवर पंधरा मिनिटांत तपासून होतात. हे सगळे करूनही मार्ग उरला नाही आणि न वापरल्यास मृत्यू निश्चित आहे, अशी वेळ अत्यंत विरळा येते. तेव्हा निर्णय एकट्याने घेऊ नये. दुसऱ्या वरिष्ठ डॉक्टरचे मत, प्रशासनाला दिलेली माहिती, तपासलेले पर्याय आणि कारण हे त्याच वेळी लिहून ठेवावे, आणि रुग्णाला किंवा नातेवाइकांना खरे सांगावे. स्थानिक कायदा याला मुभा देतो का, हे त्या रात्री नव्हे तर आजच, शांतपणे, आपल्या रुग्णालयाच्या कायदा सल्लागाराला विचारून ठेवावे.

कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो की मुदत वाढवून मिळाली आहे. विश्वास ठेवावा का?

मुदत खरोखर वाढू शकते. संथ चाचणीचे नवे निष्कर्ष हाती आले की उत्पादक नियमांनुसार अधिक लांब मुदत जाहीर करतो. पण ती उत्पादकाकडून, लॉट क्रमांकांसह, लेखी आणि आवश्यक तेथे नियामकाच्या मान्यतेसह यायला हवी, आणि नवे लेबल लावण्याचा अधिकारही त्याचाच किंवा त्याने नेमलेल्याचा. प्रतिनिधीच्या मोबाइलवरील संदेश म्हणजे मुदतवाढ नव्हे.

मुदत संपलेले इम्प्लांट रुग्णाला बसवले गेले, हे नंतर लक्षात आले. आता?

रुग्णाला सांगावे. हे पहिले आणि सर्वांत अवघड काम आहे, आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतः, लवकर, साध्या शब्दांत करावे. फाइलमधल्या स्टिकरवर तारीख असतेच, त्यामुळे ती आज ना उद्या कोणीतरी वाचणार आहे.

लगेच इम्प्लांट काढण्याची घाई मात्र करू नये. काढण्याची शस्त्रक्रिया हा स्वतंत्र धोका आहे, आणि केवळ तारखेसाठी तो पत्करणे बहुतेक वेळा रुग्णाच्या हिताचे नसते. उत्पादकाला लॉट आणि अनुक्रमांक कळवून त्या वस्तूबाबत तारखेनंतरची माहिती उपलब्ध आहे का, हे विचारावे. धोका कशाचा आहे त्यावर पुढची देखरेख ठरते: सांध्यात संसर्गाची लक्षणे आणि पुढे झीज, पेसमेकरमध्ये बॅटरीची पातळी, स्टेंटमध्ये पुन्हा अरुंद होणे किंवा गुठळी. तपासण्यांचा खर्च रुग्णावर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घटनेची नोंद रुग्णालयाच्या सुरक्षा समितीकडे आणि नियम असेल तेथे नियामकाकडे करावी. चौकशीत शेवटी पाकीट उघडणाऱ्या परिचारिकेचे नाव निघते आणि प्रकरण तिच्यावर संपवले जाते. पण ते पाकीट तिच्या हातात येण्यापूर्वी मासिक तपासणी, कपाट लावणारा, ट्रॉली भरणारा आणि यादी करणारा अशा चौघांच्या हातांतून गेलेले असते.

पाकीट उघडण्यापूर्वीची तपासणी कशी असावी?

मोठ्याने वाचण्याची. फिरती परिचारिका बंद पाकीट हातात धरून वस्तूचे नाव, आकार, डावी की उजवी बाजू आणि मुदत वाचते. निर्जंतुक हातमोजे घातलेली परिचारिका ते स्वतः पाहून पुन्हा म्हणते. शल्यविशारद ‘हो’ म्हणतो. मगच झाकण सोलले जाते. ‘डेट ओके’ एवढे म्हणणे पुरेसे नाही, कारण ते न पाहताही म्हणता येते. ‘मुदत एप्रिल दोन हजार सत्तावीस’ असे म्हणायला लेबल वाचावेच लागते.

अशा इम्प्लांटची विल्हेवाट कशी लावावी?

परत पाठवता येत असेल तर उत्पादकाकडे परत, आणि तेही पोच घेऊन. तसे नसेल तर वस्तू पुन्हा कोणाच्या वापरात येणार नाही अशी निकामी करून: प्लेट कापून किंवा वाकवून, स्टेंट चिरडून, लेबल फाडून, आणि साक्षीदाराच्या सहीने नोंद करून. न उघडलेले इम्प्लांट संसर्गजन्य कचरा नसते, त्यामुळे ते सरसकट त्या पिशवीत टाकणे चुकीचे आहे. शरीरातून काढलेल्या इम्प्लांटचे नियम वेगळे आहेत.

काही वस्तूंबाबत विशेष सावधगिरी हवी. पेसमेकर आणि डिफिब्रिलेटर भट्टीत कधीही टाकू नयेत, कारण त्यांतील बंदिस्त लिथियम बॅटरीचा उष्णतेने स्फोट होतो. दहनापूर्वी मृतदेहातून पेसमेकर काढतात तो याच कारणासाठी. बोन सिमेंटचा मोनोमर ज्वालाग्राही आणि उग्र वासाचा द्रव आहे, तो बेसिनमध्ये ओतू नये, रासायनिक कचऱ्यात द्यावा. झडपेच्या बरणीतील ग्लुटारल्डिहाइडही तसेच. मानवी दात्याकडून आलेले हाड किंवा ऊतक असेल तर ते वस्तू म्हणून नव्हे, ऊतक बँकेच्या नियमांनुसार आणि आदराने हाताळावे.

प्रशिक्षणासाठी ठेवले किंवा गरजूंना दान दिले तर?

प्रशिक्षणासाठी ठेवता येते. नव्या डॉक्टरांच्या हाताला खऱ्या वस्तूची सवय होते. अट एवढीच की ‘मानवी वापरासाठी नाही’ ही खूण पाकिटावर नव्हे तर वस्तूवर कोरलेली असावी, मूळ पाकीट नष्ट केलेले असावे, आणि ती वस्तू शस्त्रक्रियागृहाच्या आवारात परत येऊ नये.

दान देऊ नये. जे आपल्या रुग्णाला चालत नाही, ते दुसऱ्या गरीब रुग्णाला चालते असे मानण्याला दान म्हणत नाहीत. मुदत थोडी उरलेली वस्तू द्यायची असेल तर वाहतूक, तपासणी आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया होईपर्यंतचा काळ धरून, आणि घेणाऱ्याला आधी विचारून द्यावी.

मुळात इतका माल मुदतबाह्य होतोच का?

मधले आकार खपतात, टोकाचे पडून राहतात. सांध्याच्या संचात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकार क्वचितच लागतो, पण तो नसेल तर त्या दिवशी शस्त्रक्रिया अडते, म्हणून ठेवावाच लागतो. एका कपाटाची मोजणी करताना मी मागच्या रांगेतून धुळीची पाच पाकिटे बाहेर काढली होती. पाचही सर्वांत मोठ्या आकाराची होती, आणि त्यांच्यासमोर मधल्या आकाराची नवी पाकिटे दाटीवाटीने लावलेली होती. नवा माल पुढे रचण्याची सवय याला कारण असते. जे आधी आले ते आधी, हा नियमही येथे अपुरा पडतो, कारण नंतर आलेल्या खेपेची मुदत कधीकधी आधी संपते; म्हणून ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरावे. टोकाचे आकार विकत घेण्याऐवजी कंपनीच्या मालकीत ठेवून घ्यावेत, आणि मुदतीला सहा महिने उरले की बदलून देण्याची अट करारात लिहून घ्यावी. महिन्यातून एकदा दोघांनी मिळून तपासणी करावी, आणि पुढच्या तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या पाकिटांवर रंगीत ठिपका लावावा.

आपल्याला बसवलेल्या इम्प्लांटची मुदत रुग्णाला कशी पाहता येईल?

पाकिटासोबत येणारी चिकटपट्टीची लेबले शस्त्रक्रियेच्या नोंदीत लावतात, आणि अनेक इम्प्लांटसोबत रुग्णाला देण्याचे कार्डही येते. शस्त्रक्रियेची नोंद आणि ते कार्ड मागून घ्यावे, लेबलचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि वाळूच्या घड्याळाशेजारची तारीख शस्त्रक्रियेच्या तारखेशी ताडून पाहावी. लेबल नसेल किंवा फाटलेले असेल, तर रुग्णालयाच्या साठा नोंदवहीतून लॉट क्रमांक व मुदत लेखी मागावी. एखाद्या लॉटमध्ये दोष आढळून उत्पादकाने तो परत बोलावला, तर त्याच क्रमांकावरून तुम्हाला शोधले जाते.